हाताशी असलेलं नवल : खान्देशात जाऊन बघता येतील अशा विज्ञानाच्या गमती सांगा

लोकोवाले नाना (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्याहून, सुरतेहून नातवंडं गावी येतात आणि त्यांच्या मोबाइलवर 'तुम्हाला माहीत आहे का?' असे निरोप धो धो येत असतात. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्राला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात त्याची सूर्याभोवतीची फेरी पुरी होऊन वर दिवस उरतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पोरं 'भारी!' म्हणतात आणि पुढचा निरोप उघडतात. ऑक्टोपस तापीत सापडत नाही, म्हणून तो विषय तिथेच संपतो.

नवल हाताशी असलं तर मात्र पोर चार प्रश्न विचारतं, हे मी घरात बघतोय. म्हणून हा धागा. नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत आणि चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत, जिथे जाऊन डोळ्यांनी बघता येईल किंवा घरी करून बघता येईल अशीच गंमत इथे लिहा. आणि ती तशी का, हेही लिहा. नुसतं 'अजब' नको.

माझी नोकरी भुसावळच्या लोको शेडमध्ये झाली, म्हणून सुरुवात रेल्वेपासून.

भुसावळ स्टेशनच्या पादचारी पुलावर उभे राहा आणि रुळांवरची विजेची तार नीट बघा. रूळ सरळ असले तरी तार सरळ नसते. एका खांबाशी ती रुळांच्या मध्यापासून साधारण २० सेंटिमीटर डावीकडे ओढलेली असते, पुढच्या खांबाशी तेवढीच उजवीकडे. सगळी तार अशी नागमोडी जाते. कारण इंजिनाच्या डोक्यावरचा पेंटो त्या तारेला खालून घासत धावतो आणि त्याच्यावर कार्बनच्या पट्ट्या असतात. तार सरळ असती तर पट्टीवर एकाच जागी घासून खाच पडली असती, तार त्या खाचेत अडकली असती आणि २५,००० व्होल्टची तार तुटून खाली आली असती. नागमोडी तार पट्टीवर या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत राहते, त्यामुळे पट्टी सगळीकडे सारखी झिजते. एवढ्या साध्या युक्तीवर अख्खी विजेची रेल्वे चालते. शेडमध्ये पट्ट्यांची झीज मोजताना मला दरवेळी त्या माणसाचं कौतुक वाटायचं, ज्याला हे पहिल्यांदा सुचलं.

दुसरी गंमत चाकाची. ताशी १३० किलोमीटरने पुढे धावणाऱ्या गाडीचा काही भाग त्याच क्षणी मागे जात असतो. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने एक उंच कडा असते, तिला आम्ही फ्लँज म्हणतो. ती रुळाच्या माथ्यापेक्षा खाली उतरलेली असते. आता बघा, चाक रुळाला जिथे टेकतं तो बिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो. चाकाचा अगदी वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. आणि टेकण्याच्या बिंदूच्याही खाली जो कडेचा भाग आहे, तो मागे जातो. विश्वास बसत नसेल तर पुठ्ठ्याची मोठी चकती कापा, तिच्यावर मधोमध एक छोटी गोल डबी चिकटवा, डबी टेबलाच्या काठावरून लोळवा आणि चकतीच्या कडेवर केलेल्या खुणेवर नजर ठेवा. खूण खाली आली की थोडी मागे जाऊन, वळसा घालून मग पुढे निघते.

आता तुम्ही सांगा.

---

केळीबाग रावेर

नाना, धागा मनापासून आवडला. तारेचं आजवर लक्षातच आलं नव्हतं, आणि आम्ही रोज सावदा-भुसावळ करतो.

आमच्याकडे केळीशिवाय दुसरं काय असणार! पण केळीत नवलं इतकी आहेत की मला हात आखडता घ्यावा लागेल.

केळीचं झाड हे झाडच नाही. ज्याला आपण खोड म्हणतो ते एकावर एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचं असतं. कापलेलं खोड आडवं धरून बघा, लाकूड कुठेच नाही. खरं खोड जमिनीत असतं, कंद म्हणतो आपण त्याला. घड येण्याची वेळ झाली की कंदातून दांडा निघून या सगळ्या गुंडाळीच्या मधून वर चढतो आणि शेंड्यातून केळफूल बाहेर येतं. एका खोडाला आयुष्यात एकदाच घड. म्हणून तर आपण कापणीनंतर पिलावर, म्हणजे कंदातून फुटलेल्या नव्या कोंबावर, बाग धरतो.

केळं वाकडं का, हे मला मुंबईच्या पाहुण्यांनी विचारलं होतं. केळफुलातून फण्या निघतात तेव्हा फळांची तोंडं खाली असतात. पुढे ती जमिनीच्या ओढीच्या उलट दिशेला, वर वळायला लागतात. अर्धी वाढ खाली तोंड करून आणि उरलेली वर तोंड करून, म्हणून बाक येतो. मृगबागेत, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या बागेत, घड पडायला लागले की रोज एकाच फणीचा फोटो काढून ठेवा, वळण स्पष्ट दिसतं.

आता खरी गोष्ट. बाजारातल्या केळ्यात बी का नाही? बहुतेक सजीवांत गुणसूत्रांचे दोन संच असतात. आपल्या केळीत तीन असतात, अकराचे तीन मिळून ३३. तीन संचांची दोघांत सारखी वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. केळं आडवं कापल्यावर मध्ये जे बारीक काळे ठिपके दिसतात ती न धरलेली बी. बी नाही म्हणजे प्रत्येक रोप हे आधीच्या रोपाची हुबेहूब नक्कल. रावेर-यावलमध्ये एका ओळीत उभी असलेली ग्रँड नैनची टिश्यू कल्चर रोपं म्हणजे जनुकांच्या हिशेबाने जवळजवळ एकच रोप हजारो जागी उभं आहे. बसराई आणि श्रीमंती हेही त्याच कॅव्हेंडिश कुळातले.

यातच धोका आहे आणि तो मुलांनाही सांगायला हवा. कॅव्हेंडिशच्या आधी जगाच्या व्यापारात 'ग्रो मिशेल' नावाची जात होती. पनामा मर रोगाच्या बुरशीने १९५० च्या दशकात तिचे मळेच्या मळे बसले, आणि सगळी रोपं एकसारखी असल्याने रोगापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. तेव्हा कॅव्हेंडिश त्या बुरशीला पुरून उरली म्हणून पुढे आली. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशवर येतो. बागेत शिरताना दुसऱ्या बागेची माती बुटाला लावून येऊ नका, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो ते एवढ्यासाठी. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते.

---

धुळ्याची स्मिता

भलतं भारी शे हाई! केळीबाग दादा, बियांचे ठिपके आत्ताच मुलीला कापून दाखवले.

पण एक शंका. मध्यंतरी कुणीतरी 'केळं किरणोत्सारी असतं' असा निरोप पाठवला होता. सासूबाईंनी तेव्हापासून नातीला केळं देणं बंद केलंय. हे खरं आहे का?

---

भौतिकवाला

स्मिताताई, सासूबाईंना आजच सांगा की निर्धास्त केळं द्या.

गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. पोटॅशियमच्या दर १०,००० अणूंपैकी साधारण एक अणू पोटॅशियम-४० असतो आणि तो किरणोत्सारी असतो. एका केळ्यात साडेचारशे मिलीग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, म्हणजे दर सेकंदाला १४-१५ अणू फुटतात. पण पोटॅशियमशिवाय आपला एकही स्नायू हलणार नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात ते मुळातच सव्वाशे-दीडशे ग्रॅम असतं आणि तिथे दर सेकंदाला चार हजारांहून जास्त अणू फुटत असतात, केळं खा वा न खा. शिवाय जास्तीचं पोटॅशियम शरीर लघवीवाटे बाहेर टाकतं आणि आतलं प्रमाण कायम ठेवतं. म्हणून केळी खाऊन शरीरातला किरणोत्सार साठत जात नाही.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते वेगळंच. पोटॅशियम-४० चं अर्धआयुष्य १२५ कोटी वर्षांचं आहे. पृथ्वीचं वय ४५० कोटींहून जास्त. तुमच्या मुलीच्या हातातल्या केळ्यात जे अणू फुटतायत ते पृथ्वी तयार होण्याच्या आधी कुठल्यातरी ताऱ्यात बनलेले आहेत आणि अजून शिल्लक आहेत.

आणि मुलीला एक प्रयोग द्या. दुकानदार खोट्या नोटा ओळखायला जांभळ्या प्रकाशाची बॅटरी वापरतात ना, ती अंधाऱ्या खोलीत पिकल्या पिवळ्या केळ्यावर धरा. केळं निळसर चमकतं. साल पिकताना हरितद्रव्य मोडतं आणि त्यातून तयार होणारी द्रव्यं अतिनील प्रकाशात निळी चमकतात. हे २००८ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या संशोधकांनी दाखवलं. इतकी शतकं माणूस केळं खातोय आणि हे कळलं परवा-परवा. तपकिरी ठिपक्यांच्या भोवती तर चमकदार कडी दिसतात. फक्त बॅटरी डोळ्यांवर मारायची नाही.

---

पथारीवरची मिरची

नंदुरबारहून हजेरी.

आमच्याकडे हंगामात मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, उभं राहिलं की मैलभर लाल दिसतं, आणि नवख्या माणसाला दोन मिनिटं शिंका आवरत नाहीत. पण पथारीवर पक्षी बघा. पोपट मिरची निवांत फोडून खातो. त्याला तिखट लागत नाही का? नाही लागत.

मिरचीत कॅप्सायसिन नावाचं द्रव्य असतं. ते जिभेवरच्या चवीच्या पेशींना नव्हे, तर उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. त्या तंतूंवर एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, जो एरवी ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की उघडतो आणि मेंदूला 'भाजतंय' असं कळवतो. कॅप्सायसिन त्याला थंडगार तोंडातच उघडतं. म्हणजे तिखट ही चव नाहीच, ते भाजणं आहे, फक्त खरी आग नसलेलं. हा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर. पक्ष्यांमध्ये हाच ग्राहक थोडा वेगळा असतो आणि त्याला कॅप्सायसिन कळतच नाही.

आता झाडाचा विचार करा. उंदीर-घुशीसारखे प्राणी बी चावून मोडतात. पक्षी ते अख्खं गिळतात आणि लांब नेऊन टाकतात. झाडाने अगदी नेमका पहारेकरी ठेवलाय, नासणाऱ्याला अडवायचं आणि पेरणाऱ्याला सोडायचं.

तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग नसतो, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दूध प्या. दुधातलं केसीन त्याला धरून काढतं. आणि तिखटाचा साठा बियांत नसतो, बिया जिला चिकटतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. खान्देशी शेव भाजी करणाऱ्या सुगरणींना हे सांगायला नको.

---

भरीतवाली वहिनी

मिरचीचा विषय निघालाच आहे तर वांग्याचंही ऐका. मिरची, वांगं, टोमॅटो, बटाटा आणि तंबाखू ही सगळी एकाच कुळातली. त्यामुळे भरताच्या वांग्यातही अगदी किंचित निकोटिन असतं. दहा किलो वांग्यांत मिळून सुमारे एक मिलीग्रॅम. भरीत-पुरीच्या पार्टीत माणशी दोन वाटग्या खाल्ल्या तरी काही होत नाही, पण कुळाची खूण दिसते.

मला माठाबद्दल लिहायचं आहे. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ वर जातो, तरी सावलीतल्या माठाचं पाणी गार लागतं आणि पावसाळ्यात मात्र तोच माठ, तेच पाणी, कोमट. असं का होतं?

---

भौतिकवाला

वहिनी, प्रश्न फार चांगला आहे.

माठाच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी बाहेर सुकतं, आणि सुकताना आत राहिलेल्या पाण्यातून उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी सुकायला साधारण ५८० कॅलरी लागतात. म्हणजे एक लिटरमधलं जेमतेम २० ग्रॅम पाणी उडालं तरी बाकीचं दहा-बारा अंशांनी उतरू शकतं.

पण किती खाली जाणार, हे हवा किती कोरडी आहे त्यावर ठरतं. भुसावळ-जळगावची मेमधली दुपार घ्या, ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के. अशा हवेत ओल्या वस्तूचं तापमान २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं. म्हणजे बाहेरच्यापेक्षा तब्बल वीस अंश कमी! पावसाळ्यात हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असली तर ते २८ च्या पुढे उतरतच नाही. कूलरचंही अगदी हेच. आपल्याकडे कूलर जीव वाचवतो आणि मुंबईत तो नुसती ओल वाढवतो, ते यामुळे.

घरी बघायचं असेल तर दोन साधे तापमापक घ्या, एकाच्या टोकाला ओला कापूस गुंडाळा आणि पंख्याखाली धरा. दोन्हींतला फरक मे महिन्यात आणि जुलैत लिहून ठेवा.

---

चाळीसगावकर

एवढं सगळं वाचून पाटणादेवी आठवली नाही असं कसं होईल?

चाळीसगावजवळ पाटणा इथे एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराचा. यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि त्याला दान मिळालं, अशी त्यात नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यात एका गणितज्ञाची पुस्तकं शिकवण्यासाठी संस्था होती! भास्कराचार्यांचं जन्मगाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण हा मठ इथे होता, याचा पुरावा दगडात कोरलेला आहे. डोंगराच्या कुशीतली ती जागा मुलांना जरूर दाखवा.

आता भास्कराचार्यांचं एक गणित देतो. ६० ला एका पूर्ण संख्येच्या वर्गाने गुणायचं, त्यात १ मिळवायचा आणि उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग आलं पाहिजे. ४ घ्या. ४ चा वर्ग १६, गुणिले ६० म्हणजे ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. झालं. ६२ साठी ८ घ्या. ६४ गुणिले ६२ म्हणजे ३९६८, अधिक १ म्हणजे ३९६९, आणि तो ६३ चा वर्ग. दोन्ही पोरखेळ.

मग ६१ साठी सगळ्यात लहान संख्या कोणती?

२२,६१,५३,९८०.

बावीस कोटींच्या वर! आणि वर्ग येतो तो १,७६,६३,१९,०४९ चा. एका बाजूला ४, दुसऱ्या बाजूला ८, आणि मध्ये हे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास चक्रवाल पद्धतीने हे उत्तर काढून दाखवलं. १६५७ मध्ये फ्रान्समध्ये फर्माने नेमका हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून दिला. त्याला भास्कराचार्य माहीत नव्हते. पाचशे वर्षांच्या अंतराने दोघांचं बोट त्याच आकड्यावर पडलं, कारण खरी मेख तिथेच आहे हे दोघांनाही दिसलं. मी हे शाळेत फळ्यावर करतो तेव्हा मागच्या बाकावरचीही पोरं पुढे येऊन बसतात.

---

साक्रीचा वारा

सर, भास्कराचार्यांनी आपोआप फिरणाऱ्या चाकाचंही वर्णन केलंय ना? पोकळ आऱ्यांत पारा भरलेलं. मग आमच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांना ते बसवलं तर वारा पडल्यावरही वीज मिळेल का?

---

चाळीसगावकर

वर्णन आहे, सिद्धान्तशिरोमणीत. पण तसं चाक सतत फिरू शकत नाही. पारा एका बाजूला सरकून त्या बाजूची ओढ वाढल्यासारखी वाटते खरी, पण त्या बाजूला आरे कमी असतात, दुसऱ्या बाजूला जास्त, आणि हिशेब बरोबर फिटतो. चाक डुलून थांबतं. बाहेरून ऊर्जा न घेता काम करणारं यंत्र निसर्गात नाही, हा नियम पक्का व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं. त्याआधी जगभरच्या हुशार लोकांनी ते करून बघितलं. विचार करून बघावा असाच तो प्रश्न आहे.

---

भौतिकवाला

पवनचक्कीचं मी सांगतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. कारण दुप्पट वेगाची हवा चौपट ऊर्जा आणते आणि तेवढ्याच वेळात दुप्पट हवा येते. म्हणून वाऱ्याच्या थोड्याशा फरकासाठी साक्रीचा तो माळ निवडला जातो.

पाती दुरून संथ वाटतात ना? ४० मीटरचं पातं मिनिटाला १५ फेऱ्या घेत असेल तर त्याचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरने जातं.

आणि वाऱ्यातली सगळी शक्ती कधीच काढून घेता येत नाही. काढली तर हवा पात्यामागे थांबेल आणि पुढच्या हवेला यायला जागाच राहणार नाही. जास्तीत जास्त ५९.३ टक्के, ही मर्यादा आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये मांडली.

---

सराफ गल्ली

जळगावहून एक तोळाभर भर.

सोनं पिवळं का? चांदी, प्लॅटिनम, ॲल्युमिनियम सगळे पांढरे, मग हेच का? याचं उत्तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत आहे. सोन्याचं अणुकेंद्र इतकं जड की अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने धावतात. त्यामुळे त्यांची कक्षा आवळते, बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या सरकतात, आणि सोनं निळा प्रकाश शोषून घेऊ लागतं. निळा गेला की उरतो पिवळा. आमच्या पेढीवरच्या झळाळीमागे हे कारण आहे, हे कळल्यापासून मी गिऱ्हाइकाला हमखास सांगतो.

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी मिळाल्या. ती टक्कर १३ कोटी प्रकाशवर्षं दूर झाली होती. अशा टकरींत सोन्यासारखी जड मूलद्रव्यं बनतात, याचा पुरावा त्या प्रकाशात मिळाला.

आणि हे ऐका. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटर रुंद आहे, आणि त्यावर सोन्याचा मुलामा आहे. त्या सगळ्याला लागलेलं सोनं किती? सुमारे ४८ ग्रॅम. हल्लीच्या हिशेबाने पाच तोळ्यांच्या आत. आपल्याकडच्या एका लग्नात याहून जास्त लागतं. सोनं अवरक्त प्रकाश उत्तम परावर्तित करतं म्हणून ते निवडलं, आणि मुलामा इतका पातळ की एका केसाच्या जाडीत असे शेकडो थर बसतील.

---

एरंडोलची पोर

फरकांड्याचे झुलते मनोरे कुणीच कसे लिहिले नाहीत? लहानपणी आजोबा सांगायचे, एक हलवला की दुसरा हलतो. हे कसं होतं?

---

लोकोवाले नाना

पोरी, याचं मूळ तत्त्व घरी करून बघता येतं. दोन खिळ्यांना एक दोरी आडवी बांध, जरा सैल. तिला सारख्या लांबीचे दोन दोरे लटकव, टोकाला सारखे नट-बोल्ट. एकालाच झोका दे. थोड्या वेळात दुसरा आपोआप झुलायला लागेल आणि पहिला थांबेल. मग पुन्हा उलट. आडव्या दोरीतून झोका इकडून तिकडे जातो. दोघांची झुलण्याची लय सारखी असेल तरच हे नीट होतं. एकाचा दोरा लांब करून बघ, खेळ बिघडतो. डच शास्त्रज्ञ ह्युजेन्स १६६५ मध्ये आजारी पडून खोलीत होता, तेव्हा एकाच तुळईवर टांगलेली दोन लंबकाची घड्याळं थोड्या वेळाने एका लयीत येतात हे त्याच्या लक्षात आलं. मनोऱ्यांसारख्या जोड बांधकामांतही कंप मधल्या भागातून पलीकडे पोचतो. मात्र जुन्या वास्तूवर चढून हलवायला कुणी जाऊ नका. दोऱ्याचा प्रयोग पुरेसा आहे.

---

सातपुडा पायथा

अडावदजवळच्या उनपदेवला लहानपणी जायचो. गरम पाण्याचा झरा. खाली ज्वालामुखी आहे म्हणून पाणी तापतं, असं गावात म्हणतात.

---

दगड वाचणारा

भूशास्त्राचा विद्यार्थी आहे, म्हणून लिहितो. तिथे ज्वालामुखी नाही. आपल्याकडचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि तो केव्हाच थंड झाला. पण तापीचं खोरं मोठ्या भेगांच्या पट्ट्यावर आहे. पावसाचं पाणी या भेगांतून खोल जातं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. उनपदेवचा झरा म्हणजे पृथ्वीच्या पोटातली नेहमीचीच उष्णता, फक्त वर यायला वाट मिळालेली. शहाद्याकडच्या उनपदेवलाही असाच झरा आहे.

ज्वालामुखीचा पुरावा बघायचा असेल तर धुळ्याहून साक्रीकडे जा. सपाट माळावर मध्येच काळ्या दगडाची लांबच लांब भिंत दिसते, साधारण पूर्व-पश्चिम धावणारी. कुणी बांधलेली नाही. जमिनीला उभ्या भेगा पडल्या, त्यांत खालून लाव्हारस भरला आणि गोठला. मग कोट्यवधी वर्षांत आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि भेगेतला कठीण दगड उभा राहिला. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा शेकडो भिंती आहेत आणि जगभरचे भूशास्त्रज्ञ त्या बघायला येतात. काही ठिकाणी भिंतीत आडवे दगडी खांब दिसतात, लाकडांची मोळी रचून ठेवावी तसे. लाव्हा थंड होताना आकसून भेगाळतो आणि भेगा थंड बाजूकडून आत जातात. उघड्यावर पसरलेल्या लाव्ह्यात थंड बाजू वर असते म्हणून खांब उभे. इथे थंड बाजू दोन्ही अंगांना होती, म्हणून खांब आडवे. दगडाकडे बघून तो कुठल्या दिशेने गार झाला हे सांगता येतं, याच्यामुळे मी हा विषय घेतला.

---

झेडपी शाळेचे आबा

नाना, सगळा धागा वहीत उतरवून घेतला. आता शाळेतल्या मुलांना एकत्र करता येईल असं काही सुचवा. साहित्य फुकटचं पाहिजे.

---

भौतिकवाला

आबा, सूर्य फुकट आहे.

आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैतला दिवस ढगांत जातो, पण मेमधला हमखास मिळतो. चाळीसगावला २२-२३ मेच्या सुमारास, जळगाव-धुळ्याला २५ च्या आसपास, नंदुरबारला २७-२८ ला. वेळ बाराची नाही. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून आपला खरा मध्यान्ह साडेबाराच्या आसपास येतो.

यातून पृथ्वी मोजता येते. एराटोस्थेनिसने इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये केलं तसंच. चाळीसगाव आणि नंदुरबारमधलं दक्षिणोत्तर अंतर साधारण १०० किलोमीटर आहे. चाळीसगावला सावली शून्य असेल त्याच दिवशी नंदुरबारला एक मीटर उंचीच्या काठीची सर्वात आखूड सावली दीड सेंटिमीटरच्या थोडी वर येईल. त्यातून कोन निघतो साधारण ०.९ अंश. ०.९ अंशाला १०० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक आहे, सहावीची मुलं करतील.

---

पथारीवरची मिरची

नंदुरबारची बाजू माझ्याकडे. आमच्या गल्लीतली पोरं उभी करतो.

---

चाळीसगावकर

इकडची मी घेतो. एक अडचण दिसते, सर. सावलीची कडा अस्पष्ट असते. दीड सेंटिमीटरमध्ये दोन-तीन मिलीमीटर इकडे तिकडे झाले तर उत्तर बरंच चुकेल.

---

भौतिकवाला

बरोबर. म्हणून काठीच्या टोकाऐवजी भोक वापरा. पत्र्याच्या तुकड्याला खिळ्याने बारीक भोक पाडा आणि तो तीन मीटर उंचीवर आडवा पक्का बसवा. जमिनीवर सूर्याची गोल प्रतिमा पडेल, तिचा व्यास पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास. भोकातून ओळंबा सोडून त्याच्या बरोबर खालचा बिंदू खुणेने पक्का करा. मग त्या बिंदूपासून प्रतिमेच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. नंदुरबारला ते पावणेपाच सेंटिमीटरच्या जवळपास भरायला हवं. दुपारी सव्वाबारापासून पावणेएकपर्यंत दर दोन मिनिटांनी प्रतिमेच्या मध्यावर खडूने खूण करत राहा आणि त्यातलं सर्वात कमी अंतर धरा, म्हणजे दोन गावांच्या मध्यान्हातला तीनेक मिनिटांचा फरक आड येणार नाही. सूर्याकडे थेट कुणी बघायचं नाही, सगळं काम जमिनीकडे बघून होतं.

---

झेडपी शाळेचे आबा

ओळंबा गवंड्याकडून मिळेल. पत्रा शाळेत आहे. मुलांच्या डोक्यावर ओले रुमाल आणि शेजारी पाण्याचा माठ, एवढी व्यवस्था मी करतो. चाळीसगावकर, २२ आणि २३ दोन्ही दिवस मोजू, म्हणजे एखाद दिवशी ढग आला तरी चालेल.